आग लागल्यास माझा आवाज ऐकावा

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे.
डायरेक्टर रोहत-ओपांनी, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या ताईंनी, सकाळीच बोलावलं. अग्निशमन खात्याचं पत्र आलंय: नवरोजच्या आत आगीची सूचना देणारी नवी यंत्रणा बसवा, नाहीतर नाट्यगृहाला सील. कोकंद शहरातलं एकशे बारा वर्षांचं नाट्यगृह, लाकडी छत, छतावर हाताने रंगवलेली डाळिंबाची फुलं, तीनशे बारा खुर्च्या. आणि आग लागलीच तर एक घंटा अन् वाळूच्या दोन बादल्या. बादल्यांत प्रेक्षक सिगारेटी विझवतात.
जबाबदारी कुणाकडे? व्यवस्थापक उक्ताम झियोदुल्लायेव यांच्याकडे. म्हणजे मी.
ओपा म्हणाल्या, "उक्ताम, या वेळी तरी सांगितलंय तेवढंच करा." एवढा विश्वास फार थोड्यांच्या वाट्याला येतो.
निश्चय: यंत्रणेचं मॅन्युअल रोज दहा पानं. पानं एकशे चाळीस. चौदा दिवसांत मी एक्स्पर्ट.

४ फेब्रुवारी
मॅन्युअल: एक पान. मुखपृष्ठ धरून.

७ फेब्रुवारी
ताश्कंदहून इंजिनिअर आली. शहलो नाव. पस्तिशीची, केस बांधलेले, बोलणं मोजकं. आल्या आल्या विचारलं, घंटा चालते का? मी अभिमानाने सांगितलं, रोज चालते. मध्यंतर संपलं की आम्ही तीच वाजवतो. गेली तीस वर्षं.
तिने घंटेकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे उक्ताम-अका, आग लागली की तुमचे प्रेक्षक पळत आत येणार?"
हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पण तो कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. तेव्हा एकट्या माझ्यावर खापर नको.
घंटा रद्द. धूर झाला की आता लाउडस्पीकरवरून माणसाचा आवाज येणार. कुणाचा, ते ठरायचंय.
मला तर ठरल्यासारखंच वाटतंय.

८ फेब्रुवारी
नोंद फक्त स्वतःपुरती. बाविसाव्या वर्षी मी इथे नट व्हायला आलो होतो. त्यांनी मला पडदा ओढायला दिला. एकोणतीस वर्षांत प्रेक्षकांनी माझं एकच वाक्य ऐकलं, पडदा कप्पीत अडकला तेव्हा. ते इथे लिहिण्यासारखं नाही.
असो. उशीर झाला, पण आता अख्खं सभागृह ऐकेल.

१६ फेब्रुवारी
छतावर सेन्सर बसायला लागले. पांढरे, प्लास्टिकचे, उपड्या वाटीएवढे. डाळिंबाच्या फुलांमध्ये असे दिसतात, की जणू कुणी ताट धुवायचं विसरून गेलंय. शहलोला सौंदर्यदृष्टी नाही. तिचं शिक्षण तांत्रिक आहे, तिला दोष देत नाही.
उपाय सापडलाय. सरप्राइज द्यायचं.

१९ फेब्रुवारी
शहलो तीन दिवस ताश्कंदला गेली, ती संधी साधली. शिडी लावून पेंटरकडून आठ सेन्सर रंगवून घेतले. लाल पाकळ्या, सोनेरी देठ. खालून बघितलं तर सेन्सर कुठला आणि फूल कुठलं, कळत नाही! रंगाचे तीन हात दिले, म्हणजे टिकेल.

२१ फेब्रुवारी
शहलो आली. तिलाही सेन्सर कुठला आणि फूल कुठलं, कळलं नाही. कळल्यावर ती खुर्चीत बसली.
सेन्सरला बारीक छिद्रं असतात म्हणे, धूर आत जायला. ती बुजली. आठही बाद. हे मॅन्युअलमध्ये पान तीनवर ठळक अक्षरांत छापलंय, असं ती म्हणाली. मी म्हणालो, मी क्रमाने वाचतोय.
नवे आठ मागवले. रोहत-ओपा नुसत्या छताकडे बघत राहिल्या. बहुधा पाकळ्या आवडल्या असाव्यात.

२ मार्च
आवाजाचं रेकॉर्डिंग मी करणार, असं मीच सुचवलं आणि कुणी हरकत घेतली नाही. म्हणजे शहलो तेव्हा टेबलाखाली वायरी जोडत होती. तिचं म्हणणं एवढंच: बारा सेकंद. साधं बोला. आग लागलीय, बाहेर पडा, दरवाजे या बाजूला.
बारा सेकंदांत माणूस शिंकूसुद्धा शकत नाही. एकशे बारा वर्षांच्या वास्तूतून लोकांना असं हुसकायचं? प्रस्तावना हवी.
घरी सराव. बायको नोदिरा दुसऱ्या खोलीतून ओरडली, "कोण मेलं?" आवाजात कारुण्य उतरलंय, हे सिद्ध झालं.

१२ मार्च
मेमरी कार्ड शहलोच्या हातात दिलं. तिने विचारलं, "लहान केलंत ना, अका?" हो म्हणालो. खोटं नाही. दोन मिनिटं दहा सेकंदांचं एक मिनिट पन्नास केलं. तीन "हे" काढले.
तिला अजून चाळीस सेन्सर तपासायचे होते. ऐकून न बघताच तिने कार्ड यंत्रात घातलं. कलाकारावर असा विश्वास टाकावा.
मॅन्युअल: पान चार.

२० मार्च, दुपारी साडेचार
पाचला नवरोजचा खास प्रयोग. लग्नाचं विनोदी नाटक, हाउसफुल. अग्निशमन खात्याचे कॅप्टन तुरोबोव पहिल्या रांगेत. उद्या ते सही करणार.
प्रयोगानंतर ओपा यंत्रणेचं काम केलेल्यांना रंगमंचावर बोलावतील. म्हणजे तसं त्या बोलल्या नाहीत, पण बोलावतील. कपडेपटातून निळा मखमली चापान घेतला. या लांब अंगरख्याच्या बाह्यांवर चुण्या पडल्यात. विंगेमागच्या खोली नंबर दोनमध्ये इस्त्री करून घेतो.

२१ मार्च, नवरोज
काल घडलं ते क्रमाने लिहितो.
इस्त्री करता करता पहिल्या अंकाच्या टाळ्या ऐकू आल्या. म्हणून विंगेत जाऊन, छातीवर हात ठेवून किती वाकायचं याचा जरा सराव केला. जरा म्हणजे दहा मिनिटं.
पाच चाळीसला खोली नंबर दोनमध्ये धूर झाला. कारण अस्पष्ट आहे. यंत्रणेने नऊ सेकंदांत ओळखला! सभागृहातले दिवे लागले, नाटक थांबलं, आणि लाउडस्पीकरमधून मी बोललो:
"हे कोकंदच्या रसिकजनहो! हे कलेच्या उंबरठ्यावर आलेल्या पाहुण्यांनो!"
सभागृह चिडीचूप. माझ्या डोळ्यांत पाणी. तीन पिढ्यांच्या नटांचा उल्लेख झाला, छतावरच्या डाळिंबांचा झाला. "आग" हा शब्द एक मिनिट पंचवीस सेकंदांनी येतो, आणि तोसुद्धा "कलेची आग, आणि आज, दुर्दैवाने, दुसरीही" असा. नवरदेवाचं काम करणारा नट हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं, सत्कार आहे.
संपलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. काही लोक उठले. उभं राहून टाळ्या वाजवायला.
मग नियमाप्रमाणे यंत्रणेने मला पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वाहवा, पुन्हा!"
एव्हाना विंगेत धूर दिसत होता. शहलो आग विझवायचं नळकांडं घेऊन पळाली. मी ओरडायला तोंड उघडलं, पण माझ्याच आवाजावर बोलायचं कसं?
तेवढ्यात कोट ठेवायच्या काउंटरवरची ओयशा-खाला मागच्या दारात येऊन उभी राहिली. वय सत्तर, कमरेवर हात.
"अरे, टाळ्या काय वाजवता? आग लागलीय, आग! उठा! पोरं उचला आधी! कोट मागायला कुणी आलंत तर याद राखा! इकडून चला, या दाराने!"
दोन मिनिटांत सभागृह रिकामं. तीनशे बारा माणसं अंगणात, थंडीत, कोटाविना, सुखरूप. कॅप्टन तुरोबोव त्यांच्यात. आगीत आधी चापान गेला, मग टेबल, मग एक खोटी दाढी. बाकी शहलोने विझवलं.
इस्त्री कुणी चालू ठेवली, ही चौकशी रोहत-ओपांनी माझ्याकडेच सोपवली आहे. निःपक्षपातीपणे करीन.

२३ मार्च
चौकशी संपली. यंत्राने आपण होऊन कागद छापला: सेन्सर एकतीस, खोली दोन, पाच चाळीस. कपडेपटाच्या वहीत इस्त्री नेणाऱ्याची सही आहे. सही वळणदार आहे. ओपांनी ती लगेच ओळखली.
निष्कर्ष: इस्त्री जुनी होती.
ओपा म्हणाल्या, "उक्ताम, लोक जळाले असते." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू बोलल्या.
कॅप्टन म्हणाले, सेन्सर अव्वल. आवाज मात्र आग लागायच्या आदल्या दिवशी सुरू केला तरच उपयोगी. सील लावत नाही, पण आठवड्यात आवाज बदला. ज्या आवाजाने सभागृह रिकामं केलं, तोच हवा. मी नम्रपणे सांगितलं, त्या बाईंना आवाजाची तालीम नाही. ते म्हणाले, "म्हणूनच."

२७ मार्च
ओयशा-खालाचं रेकॉर्डिंग. दिग्दर्शन मी करायचं ठरवलं. सुचवलं, थोडं कारुण्य आणू या. ती म्हणाली, "बाळा, तू जरा बाजूला सरक. मला कोटांकडे जायचंय." एका दमात अकरा सेकंद. शहलो चक्क हसली. पहिल्यांदाच.
कलेच्या दृष्टीने शून्य. विराम नाहीत, चढउतार नाहीत. कुणावर परिणाम होईल, असं वाटत नाही.

५ एप्रिल
उद्या दहाला यंत्रणेची चाचणी. सूचना मीच फळ्यावर लावली. निश्चय: सातव्या रांगेत मधोमध शांत बसायचं, वही घेऊन. उच्चारांतल्या चुका लिहून कॅप्टनना पाठवायच्या. वस्तुनिष्ठ.

६ एप्रिल
दहाला बसलो. वही उघडली, तारीख घातली. चाचणी आहे, हे मला पक्कं माहीत होतं.
आवाज आला.
त्यानंतरचं मला आठवतं ते अंगणातलं तुतीचं झाड. मी त्याला धरून उभा होतो. वही आत, चष्मा आत, एक बूटही आत. आणि बाहेर माझ्याशिवाय कुणी नाही.
मग दारातून शहलो आली, हातात स्टॉपवॉच. "बावीस सेकंद, उक्ताम-अका. तुमच्याआधी कुणीच नाही."
तिच्या मागून ओयशा-खाला आली, माझा कोट घेऊन. म्हणाली, "घाल. गारठा आहे."
घातला.