देवीचं तुटलेलं बोट
जिंतूर, १२ फेब्रुवारी १९८६, सांजच्याला

सुमे, आजी सांगते तेच लिही, तुझं शहाणपण मधे घालू नको.

माझ्या माहेरची, चारठाण्याची देवी विलायतेच्या म्युझियममध्ये हाय. ती परत मागायची म्हणून परभणीचा वकील आज घरी आला होता. त्याच्याजवळ माझ्या बापाच्या अंगठ्याचा कागद. बाप देवळाचा पुजारी. कागदात म्हणे, मूर्ती राजीखुशीनं गोऱ्या साहेबाला दिली. राजीखुशी कसली? देवीचं बोट तुटलं होतं, आणि खंडित मूर्ती पूजेत चालत न्हाई. साहेब म्हणला, दुरुस्त करून आणून देतो. बापानं अंगठा टेकवला.

ते बोट मीच तोडलं होतं. नऊ वर्षांची होते, देवीला आंघोळ घालताना हातातला तांब्या निसटला. इतकी वर्षं कुंकवाच्या डबीत लपवलेलं बोट आज वकिलापुढं ठेवलं.

त्यानं ते लय वेळ हातात धरलं. म्हणला, "आजी, यानं देवी तुमची ठरते. पण कायदा विचारतो, गेली कशी. चोरलेली मागता येते, दिलेली न्हाई."

"मग तू कशाला आलास बाबा, चहा प्यायला?"

त्यानं कागद काढला. देवी दुरुस्तीला म्हणून नेली होती, असा माझा जबाब लिहिला, शाईचं पॅड पुढं केलं. मी जबाब तुझ्याकडून तीनदा वाचून घेतला, मगच अंगठा दिला. बापाला त्याचा कागद कुणी एकदा तरी वाचून दाखवला असता तर? का तांब्याच निसटला नसता तर?

बोट पुन्हा डबीत ठेवलं.

सुमे, आता हेही वाचून दाखीव.