म्हैस आणि गोचीड

टिळकवाडी, बेळगाव
२८ मार्च २०२५

चि. जोतिबा यास,
अ. उ. आ.

आम्ही खुशाल, तू तर असणारच. फॅमिली ग्रुपमधनं मी बाहेर पडले आणि तुझा फोनही उचलत न्हाय, म्हणून हे पत्र.

रविवारी मच्छे गावात मारुतीरावकाकांच्या आदर्शच्या लग्नात तू माइक धरून बायकांवरचे घाणेरडे जोक मारलेस, वर माझ्या पोरीवर कविता म्हटलीस:

सुविधा आमची म्हैस गुणाची,
भाकर खाती सहा जणांची;
काडीपैलवान नवरा भोळा,
उचलायला गाव करा गोळा!

दोनशे माणसं खिदळली. तिचे होणारे सासू-सासरे पहिल्या रांगेत होते. शी! पन्नाशी आली तुझी, लाज कशी वाटत न्हाय रं? त्या दिवसापासनं पोर रात्रीचं जेवत न्हाय.

११ मेला तिचं लग्न. तिनं सांगितलंय, बोहल्यावर न्यायला जोतिबामामा नको. सख्खा मामा तू एकटाच, तरी मी तिला समजवायला गेले न्हाय.

चिडलेली, पण तुझीच,
मंगलआक्का


निपाणी
५ एप्रिल

ती. आक्कास,
शि. सा. न.

अगं, गंमत ती! कवितेत मी कुणाला सोडलंय? आदर्शला बोकड केला, मारुतीरावकाकांना वळू, आमच्या हिला मांजर. सुविधा सोताच हसत होती, मी बघितलं की. हल्लीच्या पोरींना चेष्टा म्हणून सोसत न्हाय, आणि तू बी तिला फूस देतीस.

पण आक्का, मामाचा मान काढून घेऊ नका. पावण्यांत मी तोंड कुठं दाखवू? पाळण्यातनं ह्याच हातांनी उचललंय तिला.

लग्नासाठी झुरळावर नवी कविता लिहाय घेतलीया, लई भारी जमतीया. दाजींना नमस्कार. माया उरली असली तर थोडी इकडंबी ठेव.

तुझा,
जोतिबा


टिळकवाडी
१२ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईला आलेलं पत्र मी वाचलं. किळस आली, झुरळाची न्हाय.

मी हसले, कारण सासूबाई माझ्याकडंच बघत होत्या. रडले असते तर लोकांनी मलाच नावं ठेवली असती. सगळ्यांना जनावर केलंत, स्वतःला तेवढं सोडलंत. ते मी पुरं केलंय:

म्हशीला चिकटला गोचीड मामा,
येत न्हाय कधी कुणाच्या कामा;
जिथं दुखतं तिथं चावतो,
हसू पिऊन टम्म फुगतो!

२० तारखेला सांबऱ्यात प्रियदर्शनीताईच्या बाळाचं बारसं आहे. माइक तुमच्याच हातात असणार. ही कविता तुम्ही म्हणायची, एक शब्द न बदलता. मी येणार न्हाय, मला हसायचं न्हाय.

म्हटलीत, तर बोहल्यावर नेताना माझा हात तुम्ही धरा. न्हाय तर मी एकटी चालत जाईन. मामींना नमस्कार.

सुविधा


निपाणी
२१ एप्रिल

चि. सुविधास,
आशीर्वाद देऊ का नको, कळंना.

काल म्हटली कविता. एक शब्द बदलला न्हाय. लोक पोट धरून हसली. तुझी मामी तर डोळं पुसत हसत होती. पहिल्या ओळीला मी बी हसलो, तोंड आपोआपच हसतंय बघ. मग माझी मलाच शिसारी आली.

११ तारखेला येतो. तू व्हय म्हटलीस तरच हात धरीन.

एकच इचारतो. काल मागनं कुणीतरी वन्स मोअर म्हणून ओरडलं. मी माइक टाकून बाहेर पळालो. मच्छ्यातबी वन्स मोअर आलता आणि मी तुझ्यावरची कविता दुसऱ्यांदा म्हटली होती. तू खुर्चीतनं हलली बी न्हायस. कशी बसलीस गं पोरी तिथं?

मामा