पाटीमागचा प्रफुल

१२ जानेवारी
राजुऱ्याहून आलापल्लीला पोचले. कोवळं ऊन, दोन्ही बाजूंना साग. खूप दिवसांनी बरं वाटलं. धाकटा भाऊ प्रफुल इथल्या जंगलात वाघांचे फोटो टिपणारे कॅमेरे लावायचा. मागच्या महिन्यात नाल्याजवळ वाघानेच त्याला मारलं. त्याचं सामान न्यायला आलेय. घरमालकीण अंजनाबाईंनी चहा दिला. म्हणाल्या, पोट्टा गुणाचा, पण माह्या चहाले नावं ठेवे. दोघी हसलो.
तो फोटोला लाजायचा. दहावीनंतरचा एकही नाही. आईला त्याचा चेहरा दिसेल असा एक फोटो हवाय. असेल तर लॅपटॉपमध्ये, आणि तो सुरू होत नाही. पंखा फिरतो, पडदा काळा.

१३ जानेवारी
दुरुस्तीवाले देवरावभाऊ आले. भूत नाई लागलं बाई, म्हणाले, डिस्क मरून राह्यली. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला, बाहेरची डिस्क जोडली. म्हणाले, आधी सगळं या डिस्कवर उतरवून घ्या, दिवस लागतील. मधे बंद केला तर पुन्हा उठणार नाही.
फोटो एकेक करून उतरताना दिसू लागले. कॅमेरा लावला की प्रफुल समोर पाटी धरे. जागेचं नाव, खाली ‘लावला’. नेताना ‘काढला’. पाटी प्रत्येक वेळी तोंडापुढे. नाल्याचा फक्त ‘लावला’ आहे.
मी पडद्याला म्हटलं, ये रे घरी. अंजनाबाई दचकल्या. रानात मेलेल्याले घरातून हाक नाई मारत वं, म्हणाल्या, आणि उंबऱ्यावर पाणी शिंपडलं.

१४ जानेवारी
नाल्याचा ‘काढला’ आलाय. तारीख कालची. देवरावभाऊ म्हणाले, घड्याळ बिघडलं असंन. पण अंगात पांढरा शर्ट आहे. तो आईने त्याला सरणावर ठेवण्याआधी घातला होता.

१५ जानेवारी
आणखी फोटो आले, तारखा कालपासूनच्या. पाटीवर लाकूड डेपो. मग बसस्टँड. मग हातपंप – दांड्याला लाल फडकं. अंजनाबाईंच्या दारासमोरचाच.
काऊन थांबून राह्यली, बंद कर, त्या ओरडल्या. बंद केला तर सगळंच जाईल. आईचा फोन आला. मिळाला का, विचारत होती. अजून नाही म्हटलं.

१६ जानेवारी
अंगण. पाटी जरा खाली आलीय – कपाळ दिसतंय. केस त्याचेच.
अंजनाबाई लेकीकडे गेल्या. मला चल म्हणाल्या. थोडंच उरलंय.

१७
ही खोली. मी पाठमोरी, लिहितेय. मागे तो. पाटीवर जागेचं नाव नाही, माझं आहे. खाली ‘काढला’.
पुढचा उघडतोय. पाटी खाली –
आई, हा फोटो तू बघू न