पिशवीवर बसलेला पोह्या

लखनौ,
७ डिसेंबर २०२४

ती. आईंना,
धनश्रीचा नमस्कार.

इथे थंडी पडली आहे, मी बरी आहे, वेळेवर जेवते आणि तुम्ही दिलेलं स्वेटर घालते. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. तुमचा गुडघा कसा आहे? काजल सांगत होती की कपडे वाळत घालायला तुम्ही गच्चीवर चढता. अंगणात दोरी आहे ना आई. तिथेही ऊन येतं.

पत्र काहून लिहून राहिली, फोन नाही का, असं तुम्ही म्हणणार. फोनवर तुम्हाला कमी ऐकू येतं, तुम्ही स्पीकर लावता आणि माझं बोलणं तुमच्याआधी शेजारच्या काजलला कळतं. पोरगी गुणाची आहे, पण काही गोष्टी तिच्याकडून तुम्हाला कळू नयेत असं वाटलं. शिवाय मागच्या वेळी मीच बोलणं तोडून फोन ठेवला होता. त्यानंतर तुमचा नंबर काढायची आणि तशीच बसून राहायची. माझ्यासोबत शिकणारी रोशनी उद्या नागपूरला निघतेय, तिच्या हाती हे पाठवते. तिला चहा पाजा. ती कुत्र्यांना घाबरते, ती येईल तेव्हा दोघांना मागच्या अंगणात ठेवा. तर्री भुंकेल, पण पोह्याला तेवढंही जमायचं नाही.

आज सकाळी काजलचा फोन आला. म्हणाली, ‘काकू, आजी नाही जाऊन राहिली उमरेडले. पिशवीतले लुगडे काढून वापस कपाटात ठेवले तिनं.’

मी कामाच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसूनच गेले. आमच्या मॅडम जिन्यावरून येत होत्या, त्यांनी विचारलं, घरी काही वाईट झालंय का? मी म्हटलं, नाही, सासूबाई राहतायत.

वैभवभाऊजी रविवारी तुम्हाला न्यायला येणार, हे मला कळलं होतं. तुम्ही पिशवी भरून दाराशी ठेवलीय, हेही. तुम्हाला जाऊ नका म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. तुम्ही गेल्यावर पोह्या-तर्रीजवळ कोणीच उरणार नव्हतं, म्हणून मी परतीची गाडी बघून ठेवली, आणि शिक्षण अर्धवट टाकून जाते हे मॅडमना कसं सांगायचं, ते मनात जुळवत होते. इतकी वर्षं संग्रहालयात जुन्या कापडांवरची नुसती धूळ झटकत बसले, आता ती कापडं वाचवायची कशी हे शिकायला मिळालं, आणि तेही जाणार. आठवडाभर हेच डोक्यात होतं.

मी काजलला विचारलं, राहिल्या कशा? ती हसायलाच लागली.

‘पोह्या बसला न काकू पिशवीवर. उठूनच नाही राहिला. आजी म्हणे, ऊठ गा, माह्या लुगड्याले केसं लागून राहिले. तं तो अजून पसरला. मंग आजी म्हणे, वैभवले फोन लाव वं, सांग का आता याले उठवून मी का पाप घेऊ? राहतो म्हणा अजून काही दिवस.’

पोह्या जड आहे, खरं आहे. पण दाराशी ठेवलेलं मिरचीचं पोतं तुम्ही एका हाताने उचलता, हे मी पाहिलंय. तेव्हा पोह्याचं निमित्त मी काही खरं धरत नाही. तुम्ही राहिलात, एवढं मला पुरे आहे.

आई, या दोघांपायी मी ऑगस्टपासून किती हिंडले, ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. आपलं हुडकेश्वरच्या प्लॉटवरचं घर बांधून झालं, त्या साली बाजूच्या अर्धवट बांधकामातून भूपेश या दोन पिल्लांना घेऊन आला होता. एकाचा रंग पोह्यांचा, एकीचा त्यावरच्या लाल तर्रीचा. त्यामुळे नावं ठेवायला त्याला वेळच लागला नाही. भूपेश गेल्यावर लोक मला म्हणाले, आता कुत्र्यांचं काय करणार, देऊन टाक कोणाला तरी. मी ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी दोघांना फिरवायला न्यायची. त्यांच्यामुळे मला संध्याकाळी घराबाहेर पडावं लागायचं, आणि परत यावं लागायचं.

लखनौचं ठरलं तेव्हा प्रताप नगरला कुत्रे ठेवून घेणाऱ्या एका बाईंकडे गेले. जागा स्वच्छ होती, बाईही मायाळू होत्या. त्या म्हणाल्या, मालकाच्या अंगावरचं न धुतलेलं एखादं कापड द्या, त्या वासाने जीव रमतो त्यांचा. मी माझा कुर्ता दिला. सरावासाठी म्हणून दोघांना तिथे ठेवून आले. पोह्याने पाण्यालाही तोंड लावलं नाही. तर्रीने दार खरवडून पंजे सोलून घेतले. बाईच मला म्हणाल्या, ताई, यांना घेऊन जा, मला बघवत नाही. मग माझ्या ऑफिसातल्या एकीने घरी येऊन राहते म्हणून सांगितलं, आणि आयत्या वेळी तिच्या घरचे नाही म्हणाले. मी जायचंच रद्द करणार होते. वैभवभाऊजींशी फोनवर तसं बोलले, आणि मागून तुमचा आवाज आला.

‘काहून गावभर फिरवून राहिली वं त्याहीले? मी का मेली?’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आपल्याकडे यायच्या तेव्हा तुम्ही लुगडं सावरून खुर्चीवर पाय वर घेऊन बसायच्या. आणि भूपेशच्या तेरवीनंतर तर तुम्ही या घराचा उंबरा चढला नव्हता. मी कारण विचारलं नाही, आणि तुम्हीही सांगितलं नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘मी येतो. पण सांगून ठेवतो, सैपाकघरात त्याहीले पाय ठेवू देणार नाही.’

परवा काजलने व्हिडिओ पाठवला. तुम्ही भाकरी थापताय आणि उंबऱ्यावर दोघे बसलेत. पोह्याचे पुढचे दोन पाय आत होते. मी काही बोलत नाही. मी इतकी वर्षं त्यांना इंग्रजीत ‘सिट’ शिकवलं होतं, ते बहुतेक विसरलेत. तुम्ही नुसतं ‘बसा गा’ म्हणालात आणि दोघे बसले.

आता त्या शर्टाचं.

निघायच्या दिवशी त्यांच्या अंथरुणात मी एक शर्ट घातला आणि तुम्हाला म्हटलं, जुनं कापड आहे, असू द्या तिथेच. निळ्या चौकडीचा. कोणाचा ते मी बोलले नाही. मला वाटलं, तुमच्या लक्षात येणार नाही. आई, मला असं वाटूच कसं शकलं?

मग त्या दिवशी फोनवर मी सहज विचारलं, दोघे त्या शर्टावरच झोपतात ना? आणि तुम्ही म्हणालात, ‘तो? तो तं मी धुतला. कसा वास मारून राहिला होता!’

मी विचारलं, तुम्हाला माहीत आहे तो कोणाचा आहे?

‘मले माहीत नाही का? म्हणूनच तं धुतला. माह्या लेकाचा शर्ट मळका काहून ठेवू?’

आणि मी फोन ठेवला.

तुम्हाला वाटलं असेल, मी चिडले. चिडलेच होते. त्या रागात मी इथल्या मैत्रिणींशीही धड बोलले नाही. रोशनीने विचारलं तर म्हटलं, सासूबाईंनी माझी एक वस्तू खराब केली. खराब हा शब्द वापरला मी. धुतलेल्या शर्टासाठी.

तो शर्ट भूपेशने जाण्याच्या आदल्या संध्याकाळी खुर्चीवर टाकला होता. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कपाटात ठेवला. कधी अगदीच राहवलं नाही तर गाठ सोडायची, नाक घालायचं आणि लगेच परत बांधायची, जास्त वेळ उघडी राहिली तर संपेल म्हणून. हे मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या आईला नाही, बहिणीला नाही.

पण जे खरंच सांगायचं नव्हतं ते हे नाही. ते असं आहे की त्या पिशवीत काही राहिलंच नव्हतं. मागच्या वर्षीच एकदा गाठ सोडली तर नुसता प्लास्टिकचा आणि डांबरगोळ्यांचा वास आला. मी खिडकी लावून घेतली, पुन्हा बघितलं. कॉलर उलटी करून बघितली. नाहीच. मग गाठ मारून परत ठेवला, आणि काही झालंच नाही अशी वागत राहिले. त्यानंतर मी ती पिशवी उघडली नव्हती.

तो कुत्र्यांना दिला तो यासाठी. वाटलं, माझ्या नाकाला कळत नाही, यांच्या नाकाला कळत असेल. पोह्याने त्यावर तोंड घासलं आणि मोठा सुस्कारा टाकला, तेव्हा मला इतकं बरं वाटलं आई. आणि त्याचा हेवाही वाटला. एका कुत्र्याचा.

म्हणजे तुम्ही काहीही धुवून टाकलं नाही. तुम्ही पोह्या आणि तर्रीचा वास धुतलात. हे मला फोन ठेवतानाच माहीत होतं. पण जे आधीच गेलं होतं त्यावर कोणावर रागावणार? तुमच्यावर रागावता आलं, म्हणून रागावले.

काल काजलला मी विचारलं, आजीने तो शर्ट धुतला कसा? ती म्हणाली, मशीनमध्ये नाही टाकला. मोरीपाशी पाट घेऊन बसली, साबणाच्या वडीनं कॉलर घासली, मग उलटा करून सावलीत वाळवला आणि सगळ्या गुंड्या लावून घडी घातली.

ते ऐकलं आणि मला उमरेडचा आपला ओटा दिसला. शनिवारी भूपेश नागपूरहून यायचा आणि तो चप्पल काढत नाही तोच तुम्ही म्हणायच्या, ‘काढ तो शर्ट, पाणी तापलं हाय.’ तो बनियनवर जेवायला बसायचा आणि शर्ट बाहेर दोरीवर, उलटा, सगळ्या गुंड्या लावलेला. मी नवी असताना हसायची. म्हणायची, बत्तीस वर्षांच्या माणसाचे कपडे आई धुते. तुम्ही म्हणायच्या, कोष्ट्याच्या घरी मळकं कापड ठेवत नसतात वं, सूत रागावते.

मी वास जपत होते. तुम्ही जे नेहमी करत आलात तेच केलंत. इतक्या दिवसांनी त्याचा एक शर्ट तुमच्या हाती लागला आणि तो मळलेला होता. मी हे तुम्हाला विचारलंही नाही कधी, की तुमच्याजवळ त्याचं काही आहे का. सगळं कपाट माझ्याकडेच राहिलं.

या आठवड्यात आमच्या टेबलावर एक जुनी करवतकाठी साडी आली. काठाचे दाते बघितल्याबरोबर मी म्हटलं, ही आमच्याकडची. पदरावर हळदीचा डाग होता. इथे आल्यावर पहिल्याच तासाला सांगितलं होतं, जुन्या कापडाला घाईने पाणी लावायचं नाही. तेच डोक्यात धरून मी मॅडमना म्हटलं, डाग राहू द्यावा ना? त्या म्हणाल्या, डाग राहू दे. पण घडीत जी धूळ बसली आहे ती काढावीच लागेल, ती धाग्याला आतून कापते. मग आम्ही दोघींनी ते कापड जाळीवर पसरून हळूहळू पाण्यात उतरवलं. पाणी पिवळं झालं. कापड बाहेर आलं तेव्हा मऊ पडलं होतं. मला तुमची आठवण झाली. मला वाटतं, माझा राग तिथेच उतरला, फक्त तुम्हाला कळवायला उशीर केला.

आज मला झोपही लागेल. फोन उशाशी घेऊन झोपणार नाही, कारण आता दोघांचं काय होईल याची काळजी उरली नाही. आज काजलने पाठवलेल्या फोटोत तर्री तुमच्या जुन्या लुगड्याच्या घडीवर झोपली आहे, अंगाचं मुटकुळं करून, तोंड उघडं टाकून. तिला शर्ट लागला नाही. तुमचं लुगडं चाललं.

मी फेब्रुवारीच्या शेवटी येईन. मी आले म्हणून तुम्ही लगेच उमरेडला निघायचं नाही. आधी पोह्याला विचारा. नाहीतर तो पुन्हा पिशवीवर बसेल, आणि या वेळी मीही त्याच्या शेजारी बसेन.

तो शर्ट मात्र कपाटात ठेवू नका. माझ्या कपाटात नको आणि तुमच्याही नको. पोह्या-तर्रीच्या अंथरुणात घाला. थंडी आहे.

मळला की धुवा.

तुमची,
धनश्री