कुंपणाच्या पानांतलं तेल

५ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. माझ्यावर पुढे कोणी पुस्तक लिहिलं तर सोय असावी.
काम थोडक्यात: झाडाच्या पानांतून असं तेल काढायचं, जे प्लॅस्टिकला मऊ करेल. सध्या ते काम कारखान्यातलं रसायन करतं. पीएचडीचं सातवं वर्ष. तेलाच्या नमुन्यांनी कपाट भरलंय, फक्त तपासायचे राहिलेत.
बायको दुसऱ्या गावी, बागेच्या पाइपांच्या कारखान्यात टेस्टिंग लॅब सांभाळते. फोनवर म्हणाली, जूनपर्यंत थीसिस दे, नाहीतर गाशा गुंडाळून इकडे ये, मला एकटीनं जेवायचा कंटाळा आलाय. जूनला अजून पुष्कळ वेळ आहे.

११ फेब्रुवारी
मधले दिवस विचारात गेले.
लॅबमागच्या कुंपणाची पानं तोडली. लोक जंगलात हिंडतात, मला कंबरेचा त्रास आहे. काचेच्या बाटल्या धुवत बसण्यात अर्थ नाही, म्हणून पहिल्या वर्षापासून तेल विरघळवून काढणारं सॉल्व्हंट प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ठेवतो आणि प्लॅस्टिकच्याच मऊ पारदर्शक नळीनं पानांवर सोडतो. डोकं लागतं.
शेजारच्या टेबलावरची ज्युनिअर आगाऊपणे म्हणाली, आधी ब्लँक लावा, म्हणजे पानं न घालता नुसतं सॉल्व्हंट त्याच नळीतून फिरवून बघा. मी विचारलं, पानं न घालता पानांतलं काय सापडणार? मान हलवून आपल्या कामाला लागली बिचारी.

२ मार्च
तेल निघालं. मशीनमध्ये घातलं. कॉम्प्युटर म्हणतो, हे बाजारात मिळणारं प्लॅस्टिक मऊ करायचं रसायन, जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के. कॉम्प्युटरला झाडपाल्यातलं काय कळतंय. खरी गंमत उरलेल्या दोन टक्क्यांत आहे.

१९ मार्च
तेल घालून प्लॅस्टिकची पट्टी बनवली. झकास वाकते. कारखान्याच्या मालाहून तसूभर फरक नाही. निसर्गानं हुबेहूब तेच बनवावं, कमाल आहे.

४ एप्रिल
ज्युनिअरचं तोंड बंद करायला इतर पानंही घेतली. जिन्यातली कुंडी, माझ्या डब्यातली कोथिंबीर. सगळ्यांतून तेच तेल. म्हणजे समस्त वनस्पतिसृष्टीत एकच तत्त्व वास करून आहे. हा वेगळा पेपर.
माझ्या गाइड सरांनी विचारलं, ब्लँक केलास ना? हो म्हणालो. मनातल्या मनात केलाच होता.

२२ मे
सेमिनार. बायको खास रजा काढून आली, शेवटच्या रांगेत बसली. तेलाला तिचं नाव दिल्याचं जाहीर केलं. मग आलेख दाखवला. ती हसायला लागली. मला वाटलं, कौतुकानं.
चहाच्या वेळी बाजूला घेऊन म्हणाली, अरे, पाइप मऊ करायला हेच आमच्याकडे पिंपानं येतं, रोज बघते मी. नळी कुठली वापरलीस?
सर मागेच उभे होते.

२३ मे
ज्युनिअरनं सरांसमोर ब्लँक लावला. पानं न घालता तेल जास्त निघालं.
सर म्हणाले, तुझ्या प्रयोगात पानांची अडचणच होत होती. कपाटातले जुने नमुनेही तपासायला लावले. सगळे तेच. नव्यानं सुरुवात कर म्हणाले, पण माझ्याकडे नको.
सॉल्व्हंटच्या खोलीत जाऊन रडलो. वासानं डोळ्यांत पाणी येतंच, पण हे ते नव्हतं. बायको बाहेर बॅग घेऊन उभी होती, तिनं रुमाल पुढे केला. त्याचं जास्त वाईट वाटलं.

१ जुलै
बायकोच्या कारखान्यात नोकरी. तात्पुरती. थीसिस डोक्यात चालू आहे.
काम: पाइपमधून मऊ करणारं रसायन पाण्यात किती उतरतं ते मोजायचं. मुलाखतीत मॅनेजरनं विचारलं, हे रसायन प्लॅस्टिकमधून बाहेर काढायचा काही अनुभव?
सात वर्षांचा, म्हणालो.
मॅनेजरचा विश्वास बसेना. शेजारी बायको बसली होती. तिनं दुजोरा दिला.