तिसऱ्या फ्लॉपीपासून पुढे

२ सप्टेंबर १९९९, माजलगाव

काय माणूस आहे! फ्लॉप्या पाठवून आठ दिवस वाट बघितली, आज शिरूर कासारला धोंडीराम सरांच्या शाळेत फोन लावला. माझा दाखल्यांचा प्रोग्राम बसला का?

"न्हाई मॅडम. मंजुरी आली न्हाई आजून."

कसली मंजुरी? तर पहिली फ्लॉपी घातली की इंग्रजीत दीड पान मजकूर येतो, खाली 'मान्य आहे'चं बटण. सरांनी तो मजकूर हातानं उतरवून संस्थेच्या ऑफिसात पाठवलाय! "संस्थेच्या वतीनं मी कसा मान्य करू? उद्या कुणी इचारलं तर?"

मी कपाळाला हात लावला. तो मजकूर कुणी वाचतं का!

अप्पा खाली आमच्या दुकानात खिळे तोलत होते. त्यांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. "तू वाचलायस का?" नाही वाचला. प्रोग्राम बसवून देणारा इन्स्टॉलर ज्या सॉफ्टवेअरनं बनवला, त्याच्याबरोबर आला, तसाच ठेवला. "मंग येडं कोण?"

राग आला. अजून आहे.

६ सप्टेंबर

शिरूरला स्वतःच गेले. माझा कॉम्प्युटर क्लास बंद ठेवून, बीडला गाडी बदलून. 'मान्य' मीच दाबलं. तिसऱ्या फ्लॉपीवर लाइट गेली. आली, तर पुन्हा पहिलीपासून! पुन्हा गेली. मग शेवटची एसटी.

शाळेत पाणी भरणाऱ्या बायनाबाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "जिथं थांबलं तितनंच कावून न्हाई सुरू होत? आमी काय लाइट गेली की जेवण पयल्या घासापासून करतो का?"

एसटीत बसल्यावर त्यांचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

७ सप्टेंबर

झोप लागली नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सरांच्या शाळेतली दोनशे बारा मुलं आईबापांबरोबर जातात. साखर कारखान्याजवळच्या शाळेत दाखला नसेल तर चौथीतलं पोरही पहिलीत बसवतात, नाहीतर ते उसाच्या फडातच राहतं. सर हातानं लिहीपर्यंत निम्म्या टोळ्या गेलेल्या असतात. म्हणून तर उन्हाळाभर बसून मी सगळी नावं टाईप केली.

आणि अडलंय कशावर? बसवण्यावर!

२३ सप्टेंबर

इन्स्टॉलर नव्यानं लिहितेय. मराठी अक्षरांचा फॉन्ट बसायच्या आधी पडद्यावर मराठी दिसणार कसं? अक्षरांची चित्रं करून टाकली. इंग्रजी दीड पान गेलं. आता तिथं एवढंच:

'हा प्रोग्राम कावेरीनं केला. मुलांची नावं तुमच्या शाळेतच राहतील. बिघडलं तर फोन करा, फुकट नीट करून देईन. पुढे जायचं?'

अप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "ह्याच्यावर मी बी सही करीन." लई बरं वाटलं!

४ ऑक्टोबर

मुद्दाम मेन स्विच पाडला. सोळा वेळा. सोळाव्यांदा पडद्यावर आलं, 'मागच्या वेळी तिसऱ्या फ्लॉपीवर थांबलो होतो. तिथूनच पुढे जाऊ?' एकटीच टाळ्या वाजवल्या.

१० ऑक्टोबर

पुन्हा शिरूरला निघाले होते. अप्पा म्हणाले, "तू काय फ्लॉपीसंगं पार्सल हायस? परतेक शाळंत असंच जाणार का?"

खरं आहे. मी गेल्याशिवाय बसत नसेल तर काम झालंच नाही. चारही फ्लॉप्या खोक्यात घालून बीडच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिल्या. पुढे शिरूरच्या गाडीत तोच देईल.

स्टँडवरून परत येऊन क्लास उघडला.

१४ ऑक्टोबर

सरांचा बीडहून फोन. ते आठवडाभर ट्रेनिंगला! खोकं शाळेत पोचलंय, पण कॉम्प्युटर लावणारं कोणीच नाही. बाकीचे गुरुजी त्याला हात लावत नाहीत.

दसऱ्याला पाच दिवस. जायला हवं होतं मी. उगाच ताठा केला.

१८ ऑक्टोबर

दुपारी फोन. "म्या बायनाबाई बोलते, शाळंतली. सरांनी एकदा बटण दावलं व्हतं. खोकं फोडून चारी घातल्या. लाइट तीनदा गेली, पर मशीन इसरलं न्हाई. मराठीत इचारीत गेलं, म्या वाचीत गेले. आता 'झालं' म्हणतंय. सकाळधरनं दाखले निगायलेत, गुरुजी सह्या करायलेत. पयला आमच्या सायलीचा काढला, लेकीच्या पोरीचा, परवा त्यांची टोळी तुमच्या माजलगावच्या कारखान्यालाच यायलीय. ताई, शेजारच्या शाळंतबी मशीन हाय. फ्लॉप्या घिऊन म्याच जाऊ का?"