हाताचा गुण

माय, डोकं धरून आलेल्या बायांच्या कपाळावर हात ठेवून तू नेमकं काय पुटपुटायचीस? इतकी वर्षं हा प्रश्न माझ्याजवळ आहे आणि मला त्याचं उत्तर माहीत नाही. देवाचं नाव असेल, तुझ्या आईने शिकवलेलं काही असेल, किंवा बाजाराला न्यायच्या मेथीच्या जुड्यांचा हिशेबही असेल. विचारलं की तू हसायचीस. "तुले कायले पायजे ते? तू आपला अभ्यास कर."

बार्शीटाकळीच्या आपल्या मळ्यातलं स्वयंपाकघर आठवतं. तू भाकरी थापते आहेस आणि दाराशी कोणीतरी बसलेली आहे. कोणाचं लेकरू रडायचं थांबत नाही, कोणाचं मन घरात लागत नाही. तू पिठाचे हात धुतेस, देवापुढच्या उदबत्तीची चिमूटभर राख तिच्या कपाळाला लावतेस, तळहात तिथेच ठेवून डोळे मिटतेस. तव्यावरची भाकरी करपते. ती माझ्या ताटात येते. बाई उठली की तू दर वेळी तेच सांगायचीस, "आता दवाखान्यात जाय. गोळी खाल्ल्याबिगर माह्या हाताचा गुण टिकत नाही." आणि त्या खरंच जायच्या. डॉक्टरचं न ऐकणाऱ्या बाया तुझं ऐकून डॉक्टरकडे जायच्या.

'गुण' म्हणजे परीक्षेत मिळतात ते, असंच मला लहानपणी वाटायचं. चौथीची गुणपत्रिका घेऊन मी धावत आले तेव्हा तुझा हात एका म्हातारीच्या डोक्यावर होता. मी कागद नाचवत म्हटलं, "माय, पाह्य, मले तुह्याहून जास्त गुण आले!" म्हातारी डोळे न उघडताच म्हणाली, "आले असतीन वं पोट्टे, पण मायचे हाताले आले, तुहे कागदाले." सगळ्या हसल्या. तूही हसलीस. माझं तोंड मात्र उतरलं. मला त्या म्हातारीच्या जागी बसायचं होतं. पण मला ताप आला की तू राख लावायची नाहीस, सरळ अकोल्याच्या एसटीत बसवायचीस. एकदा मी रडून विचारलं, "मले काहून नाही लावत?" तू म्हणालीस, "घरच्याले गुण येत नाही, पोरी." हा कुठला नियम होता, कोणी केला होता, मला आजवर कळलेलं नाही.

मी बारावीत असताना तू सरकारी दवाखान्यात होतीस. पलंगाच्या एका बाजूला स्टुलावर मी, दुसऱ्या बाजूला, शेजारच्या पलंगावर, पोटाच्या दुखण्याने कण्हणारी परकी बाई. तुला कूस बदलायलाही त्रास होत होता, तरी तू तिच्याकडे वळलीस आणि हात लांब करून तिच्या कपाळावर ठेवलास. ती झोपली. माझ्याकडे तुझी पाठ होती. लोक म्हणाले, जाता जाताही दुसऱ्याचं पाहिलं. मीही मान हलवली. मनात मात्र त्या बाईचा राग होता, माय. अजून आहे.

मग मी अमरावतीला नर्सिंग केलं. घरातली पहिली पदवी. 'रुग्णाच्या आध्यात्मिक गरजा' असा एक धडाच होता आम्हाला. रुग्णाची श्रद्धा समजून घ्यावी, तिची टिंगल करू नये, त्याच्याजवळ शांतपणे बसावं. मी तो पाठ केला आणि त्यात वर्गात सगळ्यांत जास्त गुण घेतले. वाटलं, तुझ्याजवळ जे होतं ते आता माझ्याजवळ शास्त्रासह आहे.

आता मी अकोल्यात, जठारपेठेत खोली घेऊन राहते आणि तिथल्याच एका दवाखान्यात काम करते. गेल्या आठवड्यात धामणगावकडची एक आजी आमच्या वॉर्डात आली. साखरेच्या आजाराने पायाचा अंगठा काळा पडलेला. अंगठा काढला नाही तर पाय जाणार, पण ती ऑपरेशनला तयार नव्हती. मी तिला चित्र काढून समजावलं, दोनदा. तिने माझा हात हातात घेऊन पाहिला, पालथा करून पाहिला, आणि म्हणाली, "तू लय शिकेल हायेस बाई. पण हात थंडगार हाय तुहा." मग आमच्या वॉर्डातली आया, आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो, बेडपॅन ठेवून आली. पदराच्या गाठीतली राख आजीच्या कपाळाला लावली, हात तिथेच ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. पाच मिनिटं गेली असतील. मी नाडी पाहत होते. ती खरोखरच संथ होत गेली. "जाय आता बिनघोर," मावशी म्हणाली. "मी दाराशीच बसून राहतो." आजी म्हणाली, "तू बसत असशीन तं जातो मंग." अंगठा गेला, पाय वाचला.

मला आनंद व्हायला हवा होता. त्याच दुपारी मी मेट्रनबाईंकडे मावशीविरुद्ध लेखी तक्रार दिली. राख कपाळाला लावली होती. मी लिहिलं, जखमेजवळ. एवढा एकच शब्द खोटा होता, बाकी सगळं स्वच्छतेच्या नियमाला धरून, सुवाच्य अक्षरात. मावशी कंत्राटी आहे. दुसऱ्याच दिवशी तिला घरी बसवलं. आजी ड्रेसिंगच्या वेळी दाराकडे पाहायची आणि विचारायची, "तिले कुठं पाठवलं वं?" मी पट्टी बांधत राहायचे.

चार दिवस मी स्वतःला धड्यातली वाक्यं ऐकवली. राख जंतुविरहित नसते, हे खरंच आहे. पण मावशीने रुग्णाला उपचारापासून तोडलं नव्हतं, उपचाराच्या दारापर्यंत नेलं होतं. शांतपणे बसावं, हे मी उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं. बसली ती. खरं सांगायचं तर ही तक्रार मी तुझ्याविरुद्धच लिहिली. तुझ्यापर्यंत ती पोचणार नव्हती, म्हणून मावशीचं नाव टाकलं.

हे पत्रही तुझ्यापर्यंत पोचायचं नाही. तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि 'जखमेजवळ' ही ओळ मी हमखास गाळली असती. मला माझा स्वभाव माहीत आहे. म्हणून आज सकाळी आधी मेट्रनबाईंकडे गेले, तो शब्द मी खोटा लिहिला हे सही करून दिलं, त्यांनी होकार दिल्यावर मावशीला फोन लावून उद्यापासून कामावर ये म्हणून सांगितलं, आणि मगच लिहायला बसले.